ताटीला कडी नसते

माझ्या लहानपणी आमच्या घराच्या मागच्या अंगाला न्हाणी होती. तिला दार नव्हतं, तुराट्यांची ताटी होती. तुरी झोडून झाल्या की वडील त्यातल्या सरळ तुराट्या निवडून बाजूला ठेवायचे आणि आडव्या कामट्या लावून सुतळीनं ताटी बांधायचे. ती उचलून लावायची, उचलून बाजूला ठेवायची. बिजागरी नाही, कोयंडा नाही, कडी नाही. आतल्याला बाहेरचं दिसायचं आणि बाहेरच्याला आत कुणीतरी आहे एवढं कळायचं. शेळीनं डोकं लावलं तरी पडेल असा तो आडोसा. पण ताटी लावलेली दिसली की घरातलं कुणी तिला हात लावत नसे. बाहेर उभं राहून हाक मारायची, आतून 'ओ' आली की मग काय ते बोलायचं.

वडील माळकरी. कार्तिकात आमच्या ओसरीवर रात्री वाचन चालायचं आणि त्यातली एक रात्र ताटीच्या अभंगांची ठरलेली असायची. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. ज्ञानदेव भिक्षेला गेले, कुणीतरी टोचून बोललं, ते माघारी आले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. मग त्यांच्याहून चार-सहा वर्षांनी लहान मुक्ताई ताटीपाशी उभी राहिली आणि त्यांना विनवत राहिली. बायाबापड्या डोळे पुसत ऐकायच्या. मला मात्र एकच कोडं पडायचं. ताटीच होती ना? मग मुक्ताईनं ढकलली का नाही? एकदा वाचन संपल्यावर मी वडिलांना विचारलं. पोथी फडक्यात बांधता बांधता ते म्हणाले, "ढकलली असती तर ताटी उघडली असती, ज्ञानोबा नसता उघडला."

हे बोलणं उमगायला मला मास्तरीण व्हावं लागलं, आणि मास्तरीण झाल्यावरही सात वर्षं जावी लागली.

जून १९९६मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले आणि गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात निवृत्त झाले. एकोणतीस वर्षांतली बहुतेक नोकरी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांत झाली. ही गावं ऊसतोडीची. जमीन मुरमाड, पाणी पावसाळ्यापुरतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन वेशीत उभे राहतात आणि चार-आठ दिवसांत गाव मोकळं होतं. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, हंडा, एखादी शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि वर माणसं. सांगली, कोल्हापूर, सातारा, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात संपलेली असते आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची असते. हंगाम संपून पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात.

कुठलं मूल बरोबर न्यायचं आणि कुठलं मागं ठेवायचं, हा हिशेब प्रत्येक घरात होतो. अंगावरचं जातं. त्याला सांभाळायला थोडी मोठी मुलगी जाते. शाळेत जरा बरा चाललेला मुलगा असला तर तो आजीपाशी राहतो. जी मुलं जातात त्यांची नावं पटावर असतातच. आम्ही रोज ती नावं पुकारतो आणि पुढं 'गै' लिहितो.

२००३ची दिवाळी झाली आणि शाळा उघडली. आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. निम्म्या चटया मोकळ्या. मी पहिलीची हजेरी घेत होते. एका मुलीचं नाव घेतलं. ती गेलेली आहे हे मला माहीत होतं, पेन 'गै'साठी तयार होतं. तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून आवाज आला, "हजर, बाई." तिचा भाऊ. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी रजिस्टर खाली ठेवलं आणि म्हणाले, "तू पोरगी आहेस का रे? मग उद्यापासून परकर घालून ये." वर्ग खदखदून हसला. मीही हसले.

पाचव्या दिवशी त्याचं स्वतःचं नाव पुकारलं तेव्हा तो बोलला नाही.

खोलीच्या कोपऱ्यात नकाशांचं लोखंडी कपाट होतं. कपाट आणि भिंत यांच्यात एक लहान मूल मांडी घालून बसेल एवढी फट होती. तो तिथं जाऊन बसायला लागला. पाटी गुडघ्यावर, तोंड भिंतीकडे. खिचडीची सुट्टी झाली की सगळ्यात शेवटी उठायचा, कमी खायचा आणि पुन्हा तिथंच. असे तीन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. त्या दिवसांत त्याचा आवाज मी ऐकला नाही.

मी गप्प बसले नव्हते. मला जे जे येत होतं ते सगळं केलं. आईबाप तुझ्यासाठीच घाम गाळतात, तू शिकून मोठा साहेब झालास की त्यांना ऊस तोडावा लागणार नाही, असं सांगितलं. बिस्किटांचा पुडा दिला. वर्गमंत्र्याला त्याला बोलवायला धाडलं. श्रावणबाळाची गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली, त्याच्या कानावर पडावी म्हणून. एकदा आवाज चढवला. एकदा हात धरून बाहेर काढलं. हात सोडल्यावर तो परत जाऊन बसला.

आपल्या भाषेत दोन शब्दप्रयोग आहेत आणि बोलताना आपण ते एकाच अर्थानं वापरतो. समजूत घालणं आणि समजूत काढणं. त्या तीन आठवड्यांत मी घालत होते. माझ्याकडची शहाणपणाची गाठोडी उचलून त्या फटीत कोंबत होते. समजूत काढायची तर ती आधी आत आहे हे मानावं लागतं. त्या आठ वर्षांच्या पोराकडे त्याच्या दुःखाची स्वतःची काही समज आहे, ती माझ्याहून जास्त खरी असू शकते, आणि माझं काम ती बाहेर यायला वाट देण्याचं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आजी अंगणात सरपण फोडत होती. मी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. आई पहाटे कामाला जायची, म्हणून बहिणीची वेणी रोज तोच घालायचा. बोट धरून शाळेत आणायचा. "पोरगी लई बुजरी हाय बाई, तिच्या तोंडून शबूद निघंना, म्हून त्योच तिची हजरी द्यायचा," आजी म्हणाली.

मी तिथंच ओट्यावर बसले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी पहिलीच्या त्या मुलीचं नाव पुकारत होते, 'हजर' ऐकत होते आणि हजेरी मांडत होते. मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. पाच महिने तो तिच्या वतीनं 'हजर' म्हणत होता आणि मी ते मान्य करत आले होते. दिवाळीनंतर त्यानं नवीन काही केलं नव्हतं. माझ्या लेखी जी खोडी होती ती त्याच्या लेखी रोजची जबाबदारी होती. तिचं नाव पुकारलं जातंय, म्हणजे तिची जागा आहे, आणि ती जागा आपण राखायची, एवढं त्याला कळत होतं.

आजी आणखी एक सांगून गेली. ट्रक गेला त्या रात्री पोर रडायला लागलं तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं की रडलं की देवाला राग येतो आणि मग तो आईला उशिरा धाडतो. तेव्हापासून पोर रडलं नाही. म्हातारीला ह्याचं कौतुक होतं.

मी हे लिहायला बसले ते या देवासाठी. रडलं की ज्याला राग येतो, असा देव आपण लहान मुलांच्या हाती का देतो? आजीला मी बोल लावत नाही. तिच्यापाशी तेवढंच औषध होतं, आणि तिच्या आजीनं तिला तेच दिलेलं असणार. पण शाळेतही आम्ही वेगळं काही देत नव्हतो. परिपाठाला फळ्यावर सुविचार असायचा, राग हा माणसाचा शत्रू आहे. रांगेत डोळे मिटून पसायदान म्हटलं जायचं, सगळ्या प्राणिमात्रांसाठी मागणं मागितलं जायचं आणि मधल्या वाटेनं छडी घेऊन कुणीतरी फिरत असायचं, हलणाऱ्या पोराच्या पोटरीवर मारायला. मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही षड्रिपू पाठ करून घ्यायचो. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. शेकडो मुलांकडून मी ते पाठ करून घेतले असतील. त्या शनिवारी घरी चालत येताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या यादीत शोक नाही. भयही नाही. आपल्या पूर्वजांनी माणसाचे शत्रू मोजायला घेतले तेव्हा त्यांनी दुःखाला आणि भीतीला त्यांच्यात धरलं नाही. मग रडणाऱ्या मुलाला आपण गुन्हेगारासारखं का वागवतो?

गीता उघडली तर पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. एका कर्त्या माणसाचे हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, धनुष्य हातातून निसटतंय, आणि ह्या अवस्थेला परंपरेनं 'योग' म्हटलं. विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. ती मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत वाचली होती, पण शिक्षक म्हणून गीतेतली एक जागा मला दिसली ती त्या पोरानंतर. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णसुद्धा आधी दरडावतात. हे असलं नेभळटपण तुला शोभत नाही, ऊठ, असं. त्याचा काय उपयोग होतो? अर्जुन आपलं म्हणणं पुन्हा मांडतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. जगद्गुरूंचं दरडावणं तिथं लागू पडलं नाही. तो गप्प झाल्यावर मग पुढची गीता सुरू होते, आणि ती सुरू करताना श्रीकृष्णांच्या चेहऱ्यावर हसू आहे असं वर्णन आहे. त्या हसण्यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिलंय. मला ते हसू असं वाटतं की दरडावून होणार नाही हे त्यांनाही कळलं असावं. हा माझा अर्थ आहे, पंडितांनी तो मानावा असा आग्रह नाही.

इथं कुणी मला अडवेल, आणि मी स्वतःला कितीदा तरी अडवलं आहे. मुक्ताईनं तरी काय केलं? ताटीबाहेर उभं राहून तिनं उपदेशच केला. संत कसा असावा, लोक तापले तरी त्यानं कसं शांत राहावं, हेच तर त्या अभंगांतून ती सांगते. म्हणजे तीही समजूत घालतच होती. खरं आहे. पण ती कोण होती ते पाहा. ज्यांनी ज्ञानोबांना हिणवलं त्यांनीच तिला हिणवलं होतं. जी भूक आत होती तीच बाहेर होती. आईबाप दोघांचे गेले होते. राग गिळ, असं सांगण्याचा अधिकार तिला होता, कारण तोच राग तिनं गिळला होता. शिवाय तू असा असायला हवास, एवढंच ती म्हणत नाही. तू कोण आहेस, याची ती आठवण करून देते. माझं पोट भरलेलं होतं, महिन्याच्या महिन्याला पगार होत होता, माझी मुलं माझ्यापाशी झोपत होती. मुक्ताईचे शब्द उसने घ्यायचा अधिकार मला नव्हता. तिची जागा तेवढी घेता येत होती. ताटीबाहेरची.

सोमवारी मी हजेरी घेतली. त्या मुलीचं नाव पुकारलं आणि थांबले. कपाटाकडे पाहिलं नाही. उत्तर आलं नाही. मग मी कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आता ती कुठं असेल बरं?" आणि 'गै' लिहून पुढचं नाव घेतलं. मंगळवारी तसंच. बुधवारी दुसऱ्याच एका मुलाचं नाव घेतल्यावर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यो कर्नाटकात हाय. तिकडं येगळं बोलत्यात." मग दुसरी बोलली, माझा भाऊ फडावरच्या कोपीत बसून बाळाला झोका देतो. मग तिसरा. प्रत्येक नावापुढं काहीतरी यायला लागलं. कुणाची आई पायाला कोयता लागून बसून आहे. कुणाच्या बापानं फोन केला होता गावातल्या दुकानावर. ज्या हजेरीला दोन मिनिटं लागायची तिला वीस लागायला लागली. गणिताचा तास मागं पडत होता आणि मी तो पडू देत होते.

पुढच्या सोमवारी मुलीचं नाव घेतलं. कपाटामागून आवाज आला. "फडात. पाचटावर बसली आसंल."

मी मान हलवली. 'गै' लिहायचंच होतं, ते लिहिलं, पण पेन काही वेळ कागदावर तसंच धरून राहिले. त्या दिवशी तो बाहेर आला नाही. आणखी आठवडाभर तिथंच बसला. पण रोज एक वाक्य यायचं. थंडी लागत आसंल. आज मोळ्या वाहायचा दिवस आसंल. वेणी कोण घालतंय, कुणाला ठावं.

एका दुपारी खिचडीनंतर बाकीची मुलं मैदानात होती आणि मी कपाटापाशी जमिनीवर बसून वह्या तपासत होते. त्यानं विचारलं, "आईनं मला का ठिवलं?" तयार उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुझ्या शिक्षणासाठी. पण त्या उत्तराचा अर्थ मुलाच्या मनात काय होतो, याचा विचार मी तोवर केला नव्हता. तुझ्या शिक्षणासाठी म्हणजे तुझ्यामुळं. म्हणजे तू शिकत नसतास तर आईबरोबर असतास. मी म्हणाले, "तिला ठेवायचं नव्हतं. तिच्यापुढं दुसरी वाट नव्हती." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी रडलो न्हाई."

आजीचा देव आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला होता. वारकऱ्याच्या घरात वाढल्याचा त्या दिवशी मला उपयोग झाला. मी त्याला सांगितलं की आपल्या विठोबाला रडण्याचा राग येत नाही. ज्ञानोबांनी समाधी घेतली तेव्हा नामदेव रडले. तुकोबांची बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, ते दुःख त्यांनी अभंगात लिहून ठेवलं. आणि जनाबाई तर विठोबावर रागावायची, त्याला टाकून बोलायची. तरी तो तिच्याबरोबर दळायला बसायचा. पोराचे डोळे मोठे झाले. "शिव्या दिल्या तरी?" "दिल्या तरी." संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाहिलं तर तो लिंबाच्या झाडाला टेकून एकटाच काहीतरी पुटपुटत होता, जोरजोरात हातवारे करत. मी जवळ गेले नाही. काय बोलत होता ते त्याला कधी विचारलं नाही.

हे मी त्याच्याशी बोलले, वर्गाशी नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्या वर्गात विठोबाची मुलं होती तशी बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातली होती आणि नमाज पढणाऱ्या घरातलीही. सरकारी शाळेत माझा देव सगळ्यांवर लादण्याचा मला अधिकार नाही. पण मुलाचं दुःख त्याच्या घरच्या भाषेतच बोलतं, आणि बाईंना ती थोडी तरी यायला हवी असं मला वाटतं. पुढं एका वर्षी बौद्ध घरातल्या एका मुलीचा बाप वारला, तेव्हा मी तिच्या आईकडूनच किसा गोतमीची गोष्ट समजून घेतली. मेलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला बुद्धानं रडू नकोस असं म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, म्हणून तिला गावात धाडलं. म्हणजे दारोदार जाऊन इतरांचं ऐकायला धाडलं. माझ्या हजेरीत मुलांनी आपसूक जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

दरडावणं फसतं हे मला कळलं, पण हसणं किती खोल जातं ते अजूनही मला सलतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. प्रशिक्षणात ते कलम वाचून दाखवलं तेव्हा सगळे छडीबद्दल बोलत होते. मला ते परकराचं वाक्य आठवत होतं. मी त्या पोराला कधी मारलं नव्हतं. आता शनिवारी 'आनंददायी शनिवार' असतो. दप्तर नाही, खेळ, गाणी, योगासनं. मला ते आवडतं, मी मन लावून घेतले ते शनिवार. पण ज्या मुलाला त्या दिवशी आनंद होत नाही ते कुठं बसतं, हे पाहायला मी नव्या शिक्षकांना सांगायची. बहुतेक वेळा ते सापडायचं. पाण्याच्या टाकीमागं, किंवा पोटात दुखतं म्हणून पायरीवर.

एक आक्षेप मला झोपू देत नसे. आमच्या केंद्रातल्या एका तरुण शिक्षकानं तो तोंडावर सांगितला आणि मी त्याची ऋणी आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पोरांना सोसायला शिकवता. उचल, मुकादम, तोड, ह्यातलं काहीच बदलत नाही. तुम्ही फक्त पोरांचं रडणं गोड करता." धर्मावर हा आक्षेप फार जुना आहे. दुःखाचं कारण जिथल्या तिथं ठेवून दुःखितावर फुंकर घालायची. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. त्याचं अर्धं खरं आहे. गावात हंगामी वसतिगृह चालावं म्हणून पंचायत समितीच्या चकरा मी मारल्या त्या त्याच्या बोलण्यानंतर. पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत ते पोर कपाटामागं थांबू शकत नाही. आठव्या वर्षाचं दुःख आठव्या वर्षीच ऐकायचं असतं. आणि ज्याचं कुणी ऐकलं त्यालाच आपल्याबाबतीत जे झालं ते बरोबर नव्हतं हे म्हणता येतं. ज्याला नशीब, रडू नको, देव रागावेल, एवढंच ऐकायला मिळालं तो पुढं मुकादमासमोरही मान खाली घालून उभा राहतो. मुक्ताईच्या विनवणीनं भावंडांना वाळीत टाकणाऱ्यांचं मन पालटलं नसेल. आत बसलेला भाऊ उठला. माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते एवढंच होतं, आणि ते मी एकोणतीस वर्षांत सगळ्या मुलांसाठी केलं असं म्हणवत नाही. किती जणांची ताटी मला दिसलीसुद्धा नसेल.

पाडव्यानंतर ती मुलगी परत आली. हातापायांना भेगा, केसांच्या जटा. दुसऱ्या दिवशी केस विंचरून, दोन वेण्या घालून शाळेत आली. एक वेणी वर, एक खाली. मी नाव पुकारलं. ती गप्प. तिसरीच्या रांगेकडे पाहिलं तर तो माझ्याकडे पाहत होता, तोंड घट्ट मिटून. मी म्हणाले, "सांग की." तेव्हा तो म्हणाला.

गोष्ट इथं चांगली संपली असती. पण तो आठवीतनं सुटला आणि वर्षा-दोन वर्षांत तोडीला जायला लागला. बहिणीचं लग्न अशा वयात झालं की ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. बाकी पुष्कळ मुलं शिकली, नोकरीला लागली. तो लागला नाही.

गेल्या दिवाळीनंतर अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, माणसांची ओरड. "बाई, मी." आवाज ओळखू आला नाही, त्यानं गावाचं नाव सांगितल्यावर आला. सांगलीकडं निघालोय, म्हणाला. बायको बरोबर आहे. मुलगी पहिलीत घातलीय जूनमध्ये, पण आई राहिली नाही आता, मागं ठेवायला कुणी नाही, म्हणून घेऊन चाललोय. मी वसतिगृहाचं विचारलं. यंदा अजून सुरू झालं नाही, म्हणाला. मग थोडा वेळ दोघंही बोललो नाही. मला वाटलं फोन कटला.

"बाई, तुम्ही आता शाळेत नसता ते ठावं हाय मला," तो म्हणाला. "पण तिथल्या सरांना तेवढं सांगा. पटावरनं तिचं नाव कमी करू नका म्हणावं. आन रोज हजरी घेताना नाव घ्या म्हणावं तिचं. ती न्हाई तरी."